एकाच गाडीतली दोन तिकिटं

चिखली,
अधिक ज्येष्ठ, भर दुपार

प्रिय प्राची,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळं बरं आहे. तुझी आई ठणठणीत आहे, माझा गुडघा होता तसाच आहे, आणि शेजारच्या जयमालाकाकूंचं कुत्रं अजूनही सगळी गल्ली सोडून फक्त माझ्यावरच भुंकतं. तरी बापाने फोन सोडून कागद घेतला म्हणजे काहीतरी आहे, असं तुझ्या मनात आलंच असेल. संशय घ्यायची खोड तुला माझ्याकडूनच आली आहे, त्यामुळे तुला काय बोलणार. फोनच केला असता, पण मी फोन लावला की तुझी आई तो माझ्या हातून काढून घेते आणि स्पीकरवर टाकते. मग तू तिकडून 'सगळं मस्त' म्हणतेस, ती इकडून 'हाव, इकडेबी मस्त' म्हणते, आणि माझ्या वाट्याला फक्त ऊन किती आहे हे सांगणं उरतं. आत्ता ती अनारशाचे तांदूळ घेऊन जयमालाकाकूंकडे गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो. मोबाइलवर मराठी टाइप करणं मला जमत नाही. म्हणून ही पानं लिहून त्यांचे फोटो काढून पाठवणार आहे. लिहिणं रिपोर्टासारखं वाटलं तर सांभाळून घे. जन्मभर दुसरं काही लिहिलंच नाही.

रविवारी तुझे फोटो आले. सकाळी तुमचं व्हिएन्ना फिरून झालं, मग बोटीने त्या ब्रातिस्लाव्हाला गेलात, दुपार तिथे घालवली आणि संध्याकाळी परत. एका दिवसात दोन देशांच्या दोन राजधान्या! इथून मेहकरला जाऊन यायचं तर मी दोन दिवस आधी पिशवी भरतो. तुझ्या आईने ते फोटो गल्लीत कोणाकोणाला दाखवले ते विचारू नकोस. दूधवाला सुटला नाही. रंगीत कौलांच्या त्या मोठ्या चर्चसमोर तू पिवळ्या कुर्त्यात उभी, घोडागाडीजवळ उभी, बोटीच्या कठड्याला टेकून उभी, मागे ती डॅन्यूब नदी. मग तो गटाराच्या झाकणातून डोकं बाहेर काढून हसणारा पितळी माणूस आणि त्याच्या टोपीवर हात ठेवून बसलेली तू. त्याला पाहून तुझी आई म्हणाली, हा तर अगदी तुमच्यासारखा आहे, लोकांच्या भानगडी पाहत बसलाय. शेवटी डोंगरावरचा तो पांढरा किल्ला. त्याला चार कोपऱ्यांत चार बुरूज. तिला तो पाय वर करून ठेवलेल्या चौरंगासारखा दिसला. त्या किल्ल्यासमोर मात्र तुम्ही दोघं होतात, जावईबापूंचा हात तुझ्या खांद्यावर. तो फोटो तिने मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला.

मीही पाहिला, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं. किल्ल्यामागच्या झाडांना एक पान नव्हतं, नुसत्या काड्या. आणि त्याच दिवशीच्या बोटीच्या फोटोत नदीच्या दोन्ही काठांना हिरवंगार रान. त्या देशात झाडं एका दुपारीत झडतात की काय? मी चष्मा पुसला आणि चर्चपासून परत सुरुवात केली. तुझी आई म्हणाली, लेकीचे फोटो पाहून राह्यले का गाडी चेक करून राह्यले. तिला हसून दाखवलं, पण ती खरं तेच बोलली होती. मी गाडीच चेक करत होतो.

तुला माझं काम माहीत आहे. कंडक्टर म्हणून लागलो आणि चेकर म्हणून रिटायर झालो. मधली सगळी वर्षं लोकांच्या चेहऱ्यांकडे बघण्यात गेली. गाडीत चढलो की तिकीट मागायच्या आधीच मला कळायचं कोणाकडे नाही. ज्याच्याकडे नसतं तो माझ्याकडे फार आपुलकीने बघतो. तू लहानपणी सुट्टीत माझ्याबरोबर यायचीस, खिडकीची जागा धरून बसायचीस, आणि घरी आल्यावर दारात आत्याला अडवून तिकीट दाखव म्हणायचीस. तेव्हा एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, कारण तुझं ते वय नव्हतं. नवरा-बायको मला दुरून ओळखू यायचे. नवरा-बायको एकमेकांशी सभ्यपणे वागत नाहीत. बाई पिशवी नवऱ्याच्या मांडीवर आदळते, तो करवादतो, ती खिडकी लाव म्हणते, तो उघडतो. भांडण झालेलं जोडपं वेगवेगळ्या सीटवर बसतं, पण तिकीट दोघांचं एकच जण काढतो, आणि मी विचारलं की बाई न बोलता हनुवटीने पुढच्या सीटकडे दाखवते. अशांची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटायची ती एकाच गावाहून एकाच गावाला निघालेल्या, जवळजवळ बसलेल्या आणि आपापलं तिकीट आपापल्या खिशातून काढणाऱ्या दोघांची. ते एकमेकांना वाट देताना 'हो, या ना' म्हणायचे.

आता तुझ्या फोटोतलं हसू. कुलदीपराव फोटो काढतात, त्यांना हौस आहे, असं तू सांगितलंस. पण लग्नाच्या वर्षी तुम्ही लोणारला गेला होतात, तेव्हाचे फोटो माझ्याजवळ आहेत. एकात तू ओरडते आहेस, एकात डोळे वटारते आहेस, एकात तोंडात भजी आहे. तो फोटो काढणारा तुझा नवरा होता हे आंधळ्यालाही कळावं. रविवारच्या फोटोंत मात्र तू ओठ मिटून, मान थोडी झुकवून, आभार मानल्यासारखी हसते आहेस. रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या हातात फोन देऊन 'जरा एक काढता का' म्हटल्यावर माणूस असं हसतो. सगळ्या फोटोंत तेच हसू. मी मनात पक्कं केलं की जावई त्या दिवशी तुझ्याबरोबर नव्हतेच. पोरगी एकटी फिरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून फोटो काढून घेतले. आणि एकदा असं पक्कं केलं की मागचं सगळं त्यात बसायला लागलं. व्हिडिओ कॉलवर ते कधी झोपलेले, कधी ऑफिसात, कधी बाथरूममध्ये. एवढी आंघोळ कोण करतं? आणि तिकीट. तू कुठेही गेलीस की सगळ्यात आधी मला तिकिटाचा फोटो पाठवतेस. त्या बर्फाच्या डोंगरावरच्या रेल्वेचं पाठवलं होतंस, ट्रामचं पाठवलं होतंस. या वेळी एवढी बोटीची सफर झाली आणि तिकीट नाही. मी मागितलं नाही. मागायची भीती वाटली, हे तुला पहिल्यांदाच सांगतो आहे.

मग मी सोनाळ्याला, तुझ्या सासरी गेलो. तुझ्या आईला सांगितलं, जावयाचं धोंड्याचं आमंत्रण द्यायचं तर व्याह्यांना तोंडी जाऊन सांगणं बरं, फोनवर कोरडं वाटतं. तिला ते पटलं. तिने पटल्यासारखं केलं असावं असं आता वाटतं. खामगावला गाडी बदलून संग्रामपूर, तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन सोनाळा. सातपुडा उन्हाने पांढरा पडला होता. शेतं नांगरून तयार, सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. मी सारा वेळ एकच हिशेब करत होतो की व्याह्यांना, उकंडरावांना कसं विचारायचं. माझा संशय तर इतका पुढे गेला होता की त्यांच्या ओसरीवर चढताना मी आधी चपला-बूट पाहिले. म्हटलं, जावई इथेच येऊन बसले असले तर? बाहेर फक्त उकंडरावांच्या टायरच्या चपला होत्या.

उकंडरावांनी माझं स्वागत जरा जास्तच केलं. पाणी, चहा, लगेच आमरसाचा आग्रह, आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागले की पोट्टे खुशीत आहेत, दोघं फिरून राह्यले, आपल्याले और काय पाहिजे. मला तो चेहरा माहीत आहे. तो ज्याच्याकडे तिकीट नसतं त्याचा चेहरा. मी म्हटलं, हाव, आम्हालाही फोटो आले. त्यावर तुझ्या सासूबाईंनी, सोजराबाईंनी आतून त्यांचा मोबाइल आणला आणि माझ्या हातात दिला. मला वाटलं, तेच फोटो असतील. पण बाई, त्यात तू नव्हतीस. कुलदीपराव होते. तेच रंगीत कौलांचं चर्च, तीच घोडागाडी, तोच बोटीचा कठडा, आणि प्रत्येक फोटोत ते एकटे, मान थोडी झुकवून, ओठ मिटून, आभार मानल्यासारखे हसत. त्या पितळी माणसाजवळच्या फोटोत मागे एक म्हातारी आइस्क्रीम खात चालली आहे. ती म्हातारी तुझ्याही फोटोत आहे, दोन पावलं पुढे. आणि दुकानाच्या काचेत पिवळा कुर्ता, दोन्ही हातांनी फोन धरलेली तू.

मी फार वेळ त्या काचेकडे पाहत बसलो. माझा सगळा तपास चुकला होता. जावई गाडीत नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते गाडीतच होते. तुम्ही दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बरोबर होतात, एका शहरातून दुसऱ्या शहरात गेलात, एका बोटीत बसलात, आणि एकाने दुसऱ्याचा फोटो काढला, दुसऱ्याने पहिल्याचा. चिखलीसाठी तुझे, सोनाळ्यासाठी त्यांचे, आणि दोन्ही घरांसाठी मिळून तो थंडीतला एक जुना. तू ज्या परक्या माणसाकडे पाहून हसत होतीस तो तुझा नवरा होता. हे मला त्या ओसरीवर कळलं.

सोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोबाइल परत घेताना त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, दोघायचा मिळून असा एकच फोटो हाय, आन् तोबी पानगळीतला. काऊन?" शेतात जन्म गेलेली बाई ती, तिला झाड वाचायला चष्मा लागत नाही. उकंडराव अंगणाकडे बघायला लागले. मी म्हटलं, विहीणबाई, फोटो काढणाराही कोणी लागतो की नाही, दोघं एकदम कसे येतील. प्राची, जन्मभर मी लोकांना तिकीट मागितलं, आणि त्या दिवशी एका बाईने मला मागितलं तेव्हा मी खिसे चाचपत बसलो. मग त्यांनीच विषय सोडला. निघताना तुझ्यासाठी कुरडयांची पिशवी दिली. तुझ्यासाठी असंच म्हणाल्या, लेकासाठी म्हणाल्या नाहीत. त्यांनाही बरंच समजलं आहे असं मला वाटतं. आम्ही चौघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलो आहोत, आणि चौघंही त्यात कच्चे आहोत.

परतीच्या गाडीत मला तुझा राग आला. खोटं सांगितलंस म्हणून आला, आणि त्याहून जास्त, एवढ्या मेहनतीने सांगितलंस म्हणून. एक अख्खा दिवस, दोन शहरं, चर्च, बोट, किल्ला, सगळं आम्हा म्हाताऱ्यांना समाधान वाटावं म्हणून! कुठे बसून ठरवलं असेल तुम्ही हे? कोण म्हणालं असेल आधी, की धोंड्याचा महिना होऊन जाऊ दे, मग सांगू? दोघं घरातून निघताना कुलूप कोणी लावलं? मग राग गेला आणि वाईट वाटायला लागलं. त्या बोटीत तुम्ही काय बोललात याचा मी खामगावपासून चिखलीपर्यंत विचार केला. काही बोलला नसाल असंच वाटतं. तिकीट तू का पाठवलं नाहीस तेही तेव्हा समजलं. दोन असतील. तुझं तुझ्याजवळ, त्यांचं त्यांच्याजवळ.

तरी चेकर माणूस, पाहिलं ते सगळं सांगायला पाहिजे. घरी येऊन तुझे फोटो पुन्हा पाहिले. एकाही फोटोत तुझ्या डोळ्यांवर ऊन नाही. बोटीवर तुझे केस उडत होते, तर कुलदीपराव थांबले आहेत, केस बसल्यावर फोटो काढला आहे. आणि त्यांच्या फोटोंत, सोजराबाईंच्या मोबाइलवर पाहिलं ते आठवतं, चर्चसमोर त्यांची कॉलर एका बाजूने दुमडलेली होती आणि बोटीवर ती सरळ होती. ती त्यांनी आपली आपण केली की कोणी सांगितल्यावर, मला माहीत नाही. यातून काही निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. पण कुलदीपरावांवर माझा राग नाही, एवढं त्यातून तू समज. तुमचं काय बिनसलं, कोणाचं चुकलं, हे मी विचारणार नाही. तुमचं घर तिथे आहे, तुम्ही जाणते आहात, आणि मी इथे बसून फोटो मोठे करून पाहणारा माणूस आहे.

तुला आठवतं, एकदा तू मला विचारलं होतंस की बाबा, तुम्ही कोणाकोणाच्या सीटजवळ नुसते उभे राहून खिडकीबाहेर काय पाहता? मी सांगितलं होतं, सोयाबीन पाहतो. ते खोटं होतं. ज्याच्याकडे तिकीट नाही हे मला कळायचं, त्याच्यावर मी कधी ओरडलो नाही, चारचौघांत खिसे झाडायला लावले नाहीत. त्याच्या बाजूला उभा राहायचो आणि बाहेर पाहायचो, त्याला वेळ द्यायचो. थोड्या वेळाने तो स्वतःच हळू आवाजात म्हणायचा, साहेब, माझं राहिलं आहे. मग पुढचं सोपं असायचं. दंड असायचाच, पण माणसाची मान खाली जायची नाही.

तू फोनवर म्हणालीस की जून लागताच दोघं येतो, धोंडे खाऊनच जाऊ. तेव्हापासून तुझ्या आईने घर डोक्यावर घेतलं आहे. चांदीचं ताट घासून ठेवलं, कुलदीपरावांसाठी धोतरजोडा आणला, पुरणाची डाळ निवडून झाली. जावई म्हणजे या महिन्यात नारायण, त्याच्या शेजारी लक्ष्मी म्हणून लेक बसवायची, दोघांना ओवाळायचं, गल्लीतल्या पाच बाया येणार, फोटो निघणार. आणि तिथे तू पाटावर बसून ओठ मिटून, मान झुकवून तशीच हसशील, आणि शेजारी तेही तसेच हसतील. प्राची, त्या शहरांत तुम्ही जे केलं ते केलं. आमच्या घरात, तुझ्या आईने वळलेल्या पुरणाच्या धोंड्यांसमोर, तुला ते करावं लागू नये. मी ते पाहू शकणार नाही, बाई.

आज सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. तुझी आई डाळ चाळत होती. मला वाटत होतं, हिला यातलं काही ठाऊक नाही, हिच्यापासून कसं लपवावं. तर तिने मान वर न करता विचारलं, "अवो, धोंड्याले पाट एक मांडू का दोन?" मी पेपर खाली घेतला. ती चाळतच राहिली. मी म्हटलं, लेकीला विचारून सांगतो. ती म्हणाली, विचारा, पण तिले घाबरवू नका. त्यासाठी हे पत्र आहे. दोन पाट खरे असतील तर दोन मांडू, आणि मी म्हातारा संशयी आहे म्हणून मनसोक्त हस. एकच असेल तर एक मांडू. ताट तेच, पुरण तेच, आणि ओवाळणार तुझी आईच. सोजराबाईंच्या कुरडया त्या दिवशी तळू. उत्तराची घाई नाही. मी तुझ्या सीटजवळ उभा आहे आणि खिडकीबाहेर पाहतो आहे. शेतात सध्या काहीच नाही, तरी पाहतो आहे.

तुझाच,
तिकीट न मागणारा बाबा